लिब्रेऑफिस रायटर : मराठी टायपिंगसाठी बेस्ट, फक्त अंडरलाइन सोडून (आणि त्यावरचा उपाय)

रायटर म्हणजे वर्डसारखंच मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, युनिकोड मराठी नीट दाखवतं, पीडीएफ एका क्लिकवर देतं, त्यामुळे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, प्रोजेक्ट असली कामं करणाऱ्यांना मी हेच घ्या म्हणून सांगते. माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक मार्क सगळाच्या सगळा अंडरलाइनसाठी.

म्हणजे बघा, आपल्याकडे अर्जात "विषय :" च्या ओळीखाली रेघ मारायची पद्धतच आहे, आणि कंट्रोल यू दाबलं की रेघ येते पण ती अक्षराला इतकी चिकटून येते की "सूचना" मधला दीर्घ उकार मधोमध कापला जातो, "कृती" चा ऋकार तर रेघेत गायबच. इंग्रजीला हे फारसं जाणवत नाही, त्यांची जी, वाय अशी चार-पाच अक्षरंच खाली उतरतात, आपल्याकडे मात्र दर दुसऱ्या शब्दाला खाली काहीतरी लटकलेलं असतंच. रेघ किती खाली हवी ही माहिती फॉन्टच्या फाइलमध्येच भरलेली असते आणि सॉफ्टवेअर सहसा तीच उचलतं, म्हणून फॉन्ट बदलला की रेघही थोडी वरखाली होते. रायटरमध्ये रेघेचा रंग बदलता येतो, दुहेरी, ठिपक्यांची, नागमोडी सगळ्या रेघा आहेत, फक्त शब्दांखालीच रेघ आणि मधल्या जागेखाली नको असंही करता येतं, पण जरा खाली सरकव म्हटलं तर ती सेटिंगच नाही. वर्डमध्येही नाही बरं का, तिथे लोक अक्षरंच रेज्ड करून वर उचलतात. इनडिझाइन या छपाईच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट, म्हणजे रेघ वरखाली सरकवायची सेटिंग, आहे पण नोटिशीसाठी कोण त्याचं सबस्क्रिप्शन भरणार.

तर उपाय असा, अंडरलाइन वापरायचीच नाही, बॉर्डर वापरायची. मजकूर सिलेक्ट करा, फॉरमॅट मेनूत कॅरॅक्टर, त्यात बॉर्डर्स टॅब. तिथे छोटा चौकोन दिसतो त्याची फक्त खालची बाजू क्लिक करा, मग पॅडिंगमध्ये (म्हणजे अक्षर आणि रेघ यांच्यातली जागा) सिंक्रोनाइझची टिक काढा (नाहीतर चारी बाजूंना जागा सुटते) आणि बॉटमला हवं ते अंतर द्या. खिडकीत सेंटीमीटर दिसत असलं तरी सरळ 2pt असं टाइप केलं तरी चालतं, ते आपोआप बदलून घेतं. रेघ उकाराच्या खाली जाते, जाडीही आपल्या हातात, आणि बरोबर मजकुराच्या लांबीएवढीच येते. हे एकदा कॅरॅक्टर स्टाइल म्हणून सेव्ह करून ठेवा, एफ 11 दाबलं की स्टाइल्सची यादी उघडते, पुढच्या वेळी डबल क्लिक की झालं. पूर्ण रुंदीची रेघ हवी असेल, म्हणजे लेटरहेडखाली वगैरे, तर हेच पॅराग्राफच्या बॉर्डर्समध्ये करा.

ओळींमधलं अंतर मात्र जपून. मंगल फॉन्ट मुळातच उंच जागा खातो, म्हणून लोक लाइन स्पेसिंग फिक्स्ड करून कमी करतात आणि मग वरच्या वेलांट्या नि रफार उडतात. फिक्स्ड म्हणजे फिक्स्डच, अक्षर मावो न मावो. त्यापेक्षा ॲट लीस्ट (कमीत कमी इतकं, गरज पडली तर जास्त) ठेवा किंवा फॉन्टच बदला, मुक्ता छान आहे, फुकट आहे. आणि ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंगला जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (मराठीसारख्या लिप्यांसाठीची सोय) चालू आहे ना ते बघा, मराठीचा फॉन्ट आणि साइज कॅरॅक्टरच्या खिडकीत इंग्रजीपेक्षा वेगळी ठेवलेली असते, नवीन माणूस हमखास तिथेच गोंधळतो.

फॉर्ममध्ये "नाव : ______" साठी अंडरस्कोअर दाबत बसू नका, पॅराग्राफच्या टॅब्जमध्ये फिल कॅरॅक्टर (टॅबची मोकळी जागा रेघेने भरणारं) आहे ते लावा, सगळ्या रेघा एका रेषेत संपतात.

एक गोची आहे. ही अक्षरांच्या बॉर्डरची युक्ती डॉक्सएक्समध्ये (वर्डच्या फाइलीत) टिकत नाही, कारण वर्डला अक्षरांभोवती चौकट कळते, नुसती खालची बाजू कळत नाही. समोरच्याला वर्डची फाइल द्यायची असेल तर पॅराग्राफ बॉर्डरच वापरा, ती तिकडे नीट जाते, प्रिंटच काढायची असेल तर पीडीएफ करून पाठवा.