सेकंडहँड कॅमेऱ्याचा रिव्ह्यू: लाल वीज घावली, पण अर्ध्या तासाचं लफडं आहे

अडतीस हजारात सेकंडहँड फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत ५० एमएमची वन पॉइंट एट, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रार आहे. लग्नाच्या शूटिंगसाठी नाही, स्प्राइटसाठी घेतला. कोल्ड्रिंक नाही भो, ढगांच्या वर चमकते ती लाल वीज! खाली पॉझिटिव्ह चार्जवाली दणकट वीज जमिनीवर पडली की कधीकधी वर ५० ते ९० किलोमीटरवर हवेतला नायट्रोजन लाल चमकतो, तेही काही मिलिसेकंदच. डोक्यावर ढग असले तर काहीच दिसत नाही, वादळ दोनेकशे किमी लांब पाहिजे आणि आपल्याकडे आभाळ मोकळं. आमचं गाव चोपड्याजवळ, गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो आणि त्याच्या पलीकडे इंदूर-देवासकडे जूनमध्ये वादळं उठतात, म्हणजे जागा फुकटात.

कमी उजेडात कॅमेरा एक नंबर. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२८००, शटर १/२५ सेकंद, सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ, फोकस ताऱ्यावर हाताने लावला, ऑटोवर ठेवला की अंधारात नुसता चाचपडत बसतो. डोंगराची कड फ्रेमच्या तळाला ठेवायची, वर आभाळ सोडायचं.

आता लफडं. व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद होतो. पहिल्या रात्री मी खाली चहा प्यायला गेलो, वर आलो तर हा गप झोपलेला आणि पलीकडे नुसता लखलखाट. मग गच्चीवरच गादी टाकली अन मोबाईलवर अलार्म लावला. आई खालून ओरडते, "काय करी ऱ्हायना रे इतली रातले?"

दुसऱ्या रात्रीच्या व्हिडिओत लाल ठिपका दिसला आणि मी मित्राला झोपेतून उठवलं. तो ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी! हॉट पिक्सेल निघाला, म्हणजे सेन्सरवरचा बिघडून कायम चमकणारा ठिपका, दुकानदाराने सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या रात्री मात्र खरं घावलं. फ्रेम-फ्रेम सरकवत होतो, एका फ्रेममध्ये काही नाही, पुढच्यात तीन लाल गाजरं उभी, खाली बारीक मुळ्या लोंबतायत, त्याच्या पुढच्यात परत काळोख. शास्त्रज्ञ पण या आकाराला गाजरच म्हणतात. आणि स्प्राइटचा पहिला फोटोही चुकूनच निघाला, १९८९ साली मिनेसोटा युनिव्हर्सिटीवाले कमी उजेडाचा कॅमेरा टेस्ट करत होते त्यात आला. त्याआधी पायलट लोक सांगायचे तर कोणी फारसं मनावर घेत नव्हतं.

५ पैकी साडेतीन. सेकंडहँड घेताना लेन्सला झाकण लावून जास्त आयएसओवर एक फोटो काढून हॉट पिक्सेल दिसतात का ते बघाच. मी नंतर दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "भाऊ, लाल ठिपकाच तर पाहिजे होता ना तुम्हाला?"