चंद्र की घड्याळ? समुद्रावर रेखांश काढण्याच्या दोन पद्धती

अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवरूनही निघतो. रेखांशाला मात्र स्थानिक वेळेबरोबर ग्रिनिचची वेळही लागते. अठराव्या शतकात ती मिळवायच्या दोन पद्धती होत्या.

ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. सेक्स्टंटने (कोन मोजायच्या उपकरणाने) चंद्राची कड आणि तारा यांतला कोन मोजायचा, दोघांची उंचीही घ्यायची. मग वक्रीभवन (हवेतून येताना प्रकाशाचं वाकणं) आणि चंद्राचा पराशय, म्हणजे बघणाऱ्याच्या जागेमुळे चंद्र सरकलेला दिसणं (हा एक अंशापर्यंत जातो!), हिशेबात घेऊन १७६७ पासूनच्या नॉटिकल अल्मनॅक या खलाशांच्या पंचांगातल्या, दर तीन तासांच्या कोनांशी ताडायचं, की ग्रिनिचची वेळ मिळते. गोम अशी की कोन एक कलेने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकला की वेळ दोन मिनिटांनी चुकते आणि रेखांश अर्ध्या अंशाने, म्हणजे विषुववृत्तावर ३० सागरी मैल. अमावस्येच्या आसपास तर चंद्रच दिसत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे अचूक घड्याळ सोबत नेणं. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनच्या एच-४ घड्याळाने १७६१-६२ च्या जमैका सफरीत, ठरलेली दैनिक चूक वजा करता, जेमतेम पाच सेकंदांचा फरक दाखवला. चार सेकंद म्हणजे रेखांशाची एक कला, तेव्हा अचूकतेत घड्याळ सरळसरळ सरस. पण किल्ली द्यायची राहिली की संपलं. शिवाय दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवू लागली तर खोटं कोणतं हे कळत नाही; म्हणून तीन हवीत. नाहीतर पडताळ्याला पुन्हा चंद्रच.

जीपीएस घड्याळाच्या वळणावर गेलं: एक मायक्रोसेकंद चुकला तर अंतर ३०० मीटरने चुकतं. अपोलो यानात मात्र सेक्स्टंट होताच. अंतराळवीर तारा आणि पृथ्वी किंवा चंद्राची कड यांतला कोन मोजत.