एसिटालोप्राम 10 एमजी, अकरा महिने वापरून (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, मी डॉक्टर वगैरे नाही, डोंबिवली ते सीएसएमटी रोज अप-डाऊन करणारी बाई आहे. मागच्या पावसाळ्यात मुलुंडच्या पुढे गाडी थांबली आणि मला वाटलं झालं, हार्ट अटॅकच, हात गार पडले, घसा आवळला, बायकांनी उठून खिडकी दिली. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. असं तीनदा झालं तेव्हा फिजिशियननीच, हे पॅनिक अटॅक (अचानक येणारे भीतीचे झटके) आहेत म्हणून, सायकियाट्रिस्टकडे पाठवलं.

तिथे दोन गोळ्या मिळाल्या. एसिटालोप्राम, म्हणजे घाबरण्यावर आणि डिप्रेशनवर देतात ती रोजची गोळी, पहिला आठवडा 5 मग 10, नाश्त्यानंतर. आणि अल्प्राझोलम 0.25, घाबरणं लगेच शांत करणारी, अगदीच गरज पडली तर.

पहिले दहा दिवस बेकार गेले. मळमळ, जांभयांवर जांभया, रात्री टक्क जागी, आणि कहर म्हणजे धडधड आधीपेक्षा जास्त! डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की एसिटालोप्रामचा फरक जाणवायला 2 ते 6 आठवडे लागतात आणि सुरुवातीला घाबरणं वाढूही शकतं. मग हे चिठ्ठी लिहितानाच सांगायचं ना, मी गोळी फेकून देणार होते. एक स्टार इथेच कापला.

पाचव्या आठवड्यात घरी येताना कुर्ल्याच्या अलीकडे गाडी वीस मिनिटं उभी, आणि मी आपली गवार मोडत बसलेली. घाटकोपर आल्यावर ट्यूब पेटली की अरे, आज काहीच झालं नाही.

आता ती छोटी गोळी. अल्प्राझोलम घेतली की अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत, आणि माझं म्हणाल तर खरी भीती तिचीच. एकदा ऑफिसात ऑडिट होतं म्हणून चार दिवस सलग घेतली, पाचव्या दिवशी चप्पल घालायच्या आधी हात पर्समध्ये, पट्टी आहे ना बघायला. रोज घेतली तर सवय लागते, मग एकदम बंद केली तर फिट्ससुद्धा येऊ शकतात, आणि दारूबरोबर तर अजिबात नाही, श्वास मंदावतो. ती शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत येते, केमिस्टला पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून 3 वर्षं ठेवावं लागतं. आमच्या केमिस्टने ते नाव भर गर्दीत ओरडून विचारलं तो भाग वेगळा.

आई म्हणते तुला एसिटालोप्रामचीही सवय लागणार. तशी तलफ येत नाही, पण मध्येच सोडायची नाही. शिमग्याला गावी गेले आणि पट्टी डोंबिवलीत राहिली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट, चक्कर, उगाच रडू. पालखी अंगणात आलेली आणि मी आत झोपून.

बाकी वजन 3 किलो वाढलंय, आता ते गोळीने की स्टेशनवरच्या वडापावने देव जाणे. नवरा-बायकोच्या बाबतीत इच्छाच मेल्यासारखी झालेली, हे कोणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही, पण सांगा, डोस किंवा गोळी बदलून बघता येते. डोकं दुखलं की आयबुप्रोफेन घ्यायचे ते बंद केलं, ती आणि एसिटालोप्राम एकत्र घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि माझ्या मावसबहिणीने, 21 वर्षांची आहे, माझ्या एसिटालोप्रामच्या पट्टीतल्या दोन मागितल्या तर मी दिल्या नाहीत. 25 च्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात, घरच्यांनी लक्ष ठेवावं लागतं. तिला 14416 दिला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट आहे.

परत वेळ आली तर घेईन का? हो, घेईन. त्या तीन अटॅकनंतर मी नोकरी सोडायला निघालेले, त्यापुढे 3 किलो परवडले.

आता डॉक्टर हळूहळू कमी करतायत, 5 वर आलेय. अल्प्राझोलमच्या चार गोळ्या अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत. एक्सपायरी बघायची राहिलीये.