होव्हर इफेक्ट: सीएसएस, माऊसएंटर की पॉइंटर?

राजवाड्याजवळच्या साड्यांच्या दुकानाची साइट करायला घेतलीत, तर मालकांची फर्माईश ठरलेली असते: मेनूवर माऊस नेला की यादी उघडावी आणि महेश्वरीच्या फोटोवर नेला की काठाची उलटी बाजू दिसावी. मागणी रास्त आहे, तो काठ दोन्ही बाजूंनी मिरवता येतो. प्रश्न हा की हे करायचं कशाने?

रंग, सावली किंवा फोटो बदलण्यापुरतं काम असेल तर सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा) होव्हर, म्हणजे माऊस वर आला की लागू होणारा नियम घ्या, स्क्रिप्ट नकोच. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये तो फक्त लिंकवर चालायचा. २००६ मध्ये आलेल्या ७ व्या आवृत्तीने ती अडचण संपवली, पण त्यासाठी लिहिलेले जुगाड कोड अजून इकडून तिकडे चिकटवले जातात. दिसले की काढून टाका.

यादी जरा थांबून बंद व्हावी, उघडताना माल सर्व्हरवरून यावा, असं काही हवं असेल तर स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड लागतो. माऊस आला-गेला हे ब्राउझर स्क्रिप्टला 'घटना' पाठवून कळवतो. इथे माऊसओव्हर-माऊसआउट ही घटनांची जोडी फसवी. माऊस मेनूतल्याच एका लिंकवर सरकला तरी मेनूवरचा माऊसआउट वाजतो आणि यादी लुकलुकते. माऊसएंटर-माऊसलीव्ह ही दुसरी जोडी आतल्या हालचालीकडे बघतच नाही. ही मुळात इंटरनेट एक्सप्लोररची देणगी (त्यालाही कधी श्रेय द्यावं!). फायरफॉक्सने ती २०१२ मध्ये घेतली, क्रोमने २०१३ मध्ये. तोवर जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचाच आधार होता. आता केवळ होव्हरसाठी जेक्वेरी आणणं म्हणजे निव्वळ ओझं. एक अपवाद लक्षात ठेवा. माऊसएंटरची घटना आतल्या घटकावरून त्याला सामावणाऱ्या वरच्या घटकांपर्यंत पोचत नाही. साड्यांचे फोटो मागाहून लोड होत असतील आणि सगळ्यांसाठी एकच हँडलर (घटना घडली की चालणारा कोड) वरच्या घटकावर हवा असेल, तर माऊसओव्हरच वापरा, फक्त माऊस कुठून आला ते घटनेसोबत येणाऱ्या रिलेटेडटार्गेटवरून तपासा.

ब्राउझरांची आपसातली भांडणं आता फारशी उरलेली नाहीत. खरी गोची बोट आणि माऊस यांच्यात आहे. आयफोनवर बोट टेकवलं की सफारी आधी माऊसच्या घटनांचं सोंग करते. तेवढ्यात यादी उघडली, तर क्लिक पाठवतच नाही आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा टेकवावं लागतं. म्हणून नव्या कामासाठी माझा कौल पॉइंटरएंटरला, म्हणजे माऊस आणि बोट दोन्हींसाठी असलेल्या घटनेला. ती घटना कशामुळे आली ते सांगणारा पॉइंटरटाइप 'माऊस' असेल तरच होव्हर चालवा, बोटासाठी साधा क्लिक ठेवा. सफारीतही हे २०१९ च्या १३ व्या आवृत्तीपासून आहे. सीएसएसमधला होव्हरही उपकरणाला होव्हर जमतो का ते पाहणाऱ्या मीडिया क्वेरीत (सीएसएसमधल्या अटीत) गुंडाळा, म्हणजे फोनवर रंग चिकटून राहणार नाही. कीबोर्डवाल्यांसाठी फोकस-विदिन, म्हणजे आतल्या एखाद्या लिंकवर कीबोर्डने पोचलं की लागू होणारा सीएसएसचा नियम, जोडा.

काठाच्या फोटोवर मात्र 'उलटी बाजू' असं छोटं बटण द्याच. आणि तपासणी खऱ्या आयफोनवर करा. क्रोममधला मोबाईल मोड स्क्रीन लहान करतो, आतलं इंजिन क्रोमचंच राहतं.