पत्नीसाठी घडवलेली रोड बाइक: आठ महिने आणि ३,४०० किलोमीटरनंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी नवी रोड बाइक, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगात चालवायची हलकी सायकल, आली. हँडलला झेंडूचा हार घालून, शेजारी पान्हे मांडून तिची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पत्नी ती घेऊन खडकवासल्यापर्यंत जाऊन आली. परत आल्यावर सायकल भिंतीला टेकवत ती म्हणाली, "सायकल छान आहे रे, पण दुसऱ्या कुणाची तरी चालवून आल्यासारखं वाटतंय." तिचे खांदे अवघडले होते, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले होते आणि सीटबद्दल तर तिने बोलणेच टाळले.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत या सायकलची सीट, हँडल, स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा), क्रँक (पॅडलचा दांडा), कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि टायर असे बरेच काही बदलले. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या व्यक्तीसाठी रोड बाइक घेताना नेमके काय बदलावे आणि कशासाठी खर्च करू नये, हे मला आधी कुणी सांगितले असते तर निम्मा वेळ आणि बरेच पैसे वाचले असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सायकल अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची, कार्बनच्या फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची) आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची आहे. गिअर शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेतले, म्हणजे मागे ११ चकत्यांची कॅसेट. किंमत सुमारे १ लाख ४० हजार रुपये. पत्नीची उंची १५४ सेंटिमीटर, वजन ५२ किलो आणि त्याआधी चार वर्षे हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची, ताठ बसून चालवायची सायकल वापरण्याची सवय. आम्ही त्या मॉडेलमधली सर्वांत लहान फ्रेम घेतली आणि माप बरोबर आहे असे समजून निश्चिंत झालो. चूक इथेच झाली. फ्रेम लहान असली तरी तिच्यावर बसवलेले भाग त्या प्रमाणात लहान नव्हते. हँडल ४० सेंटिमीटर रुंद होते, क्रँक १७० मिलिमीटरचा होता आणि स्टेम ९० मिलिमीटरचा. तिच्या खांद्यांची रुंदी हाडापासून हाडापर्यंत मोजली तर ३६ सेंटिमीटर भरते. साहजिकच ती पूर्ण वेळ हात फाकवून आणि पुढे ताणून सायकल चालवत होती.

मोजमाप आम्ही घरीच केले. भिंतीला पाठ लावून, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर सरकवून पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजली. ती ७१ सेंटिमीटर आली. या लांबीला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, असा सायकलस्वारांत फार जुना हिशेब आहे. त्यानुसार ६२.७ सेंटिमीटर उंची ठेवली आणि तिथून दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे करत गेलो.

सीटसाठी केलेला उद्योग मात्र विशेष उपयोगी ठरला. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या पाटावर ठेवला आणि त्यावर पत्नी गुडघे वर घेऊन, थोडी पुढे वाकून मिनिटभर बसली. ती उठल्यावर पुठ्ठ्यावर आडवा खडू फिरवला. जिथे बैठकीच्या हाडांनी पुठ्ठा दबला होता तिथे खडू लागला नाही आणि दोन लंबगोल ठिपके स्पष्ट उमटले. त्यांच्या मध्यांतले अंतर १३० मिलिमीटर होते. सायकलबरोबर आलेली सीट १४३ मिलिमीटर रुंद होती. वरवर पाहता ती पुरेशी वाटते, पण हाडांच्या दोन्ही बाजूंना थोडा आधार शिल्लक राहावा लागतो आणि सीटच्या कडा उतरत्या असल्यामुळे प्रत्यक्षात आधाराचा भाग कमीच असतो. आम्ही १५५ मिलिमीटरची, आखूड नाकाची आणि मध्ये खाच असलेली सीट घेतली. ती सुमारे साडेनऊ हजारांना पडली. एवढ्या पैशांत सीट घ्यायची म्हणून मी दोन आठवडे टाळाटाळ करत होतो, हे आज मला बरे वाटत नाही, कारण ते दोन आठवडे त्रास तिने सोसला. जाड, मऊ जेलची सीट घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. तासाभराच्या फेरीला ती चालते, पण लांब पल्ल्याला हाडे तिच्यात रुततात आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर येतो.

त्यानंतर हँडल बदलले. ३६ सेंटिमीटर रुंद, पुढे ७० मिलिमीटरच झेपावणारे हँडल आणि ७० मिलिमीटरचा स्टेम बसवला. करंगळीची बधिरता तीन आठवड्यांत गेली. तळहाताच्या बाहेरच्या कडेवरून जाणाऱ्या नसेवर दाब आला की हीच दोन बोटे बधिर होतात, आणि तो दाब शरीराचा भार पुढे हातांवर पडल्यामुळे येत होता. ब्रेकचे लिव्हरही तिच्या बोटांपासून लांब होते. लहान हातांसाठी शिमानोने याच मालिकेत आर७०२५ नावाचा वेगळा लिव्हर काढला होता, पण तो मला इथे मिळाला नाही. आहे त्याच लिव्हरमधला अंतराचा स्क्रू फिरवून तो हँडलच्या जवळ आणला आणि त्यावर काम भागले. हा स्क्रू फिरवायला एक पैसाही लागत नाही, तरी सायकल हाती देताना तो कुणी फिरवून देत नाही. आता खाली वाकून धरल्यावरही पत्नी दोन बोटांत ब्रेक ओढू शकते. आखूड स्टेम आणि अरुंद हँडलमुळे सायकल पूर्वीपेक्षा चटकन वळते, हे मात्र ध्यानात ठेवावे. कात्रजच्या जुन्या घाटात पहिल्यांदा उतरताना तिला पुढचे चाक चंचल वाटले होते. चार-पाच फेऱ्यांनंतर हात बसला.

दुकानात स्टेम बदलताना एक प्रसंग घडला. फोर्कची वर आलेली नळी कापून टाकू, म्हणजे सायकल शर्यतीची दिसेल, असे कारागिराने सुचवले आणि तो करवत आणायला वळलासुद्धा. मी त्याला थांबवले. ही नळी एकदा कापली की हँडल पुन्हा वर घेता येत नाही. निदान सहा महिने तरी ती कुणालाही कापू देऊ नये. स्टेमखाली कड्या घालून हँडल वर ठेवावे आणि शरीर सरावले की एकेक कडी वरच्या बाजूला हलवावी.

गिअरचा बदल हा माझ्या मते या सायकलवरचा सर्वांत मोलाचा बदल आहे. मूळ कॅसेट ११-२८ दातांची होती, म्हणजे सर्वांत लहान चकतीला ११ आणि सर्वांत मोठीला २८ दात, आणि पुढच्या दोन चकत्या ५० आणि ३४ दातांच्या. पुढची लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती लावली तरी पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. सिंहगडाच्या चढावर, जिथे वेग ताशी ७ किलोमीटरवर येतो, तिथे याचा अर्थ मिनिटाला जेमतेम ४५ फेरे. एवढ्या मंद गतीने पॅडल दाबत राहिले की सगळा जोर गुडघ्यांवर येतो. ११-३४ कॅसेट लावल्यावर एका फेऱ्यात २.१ मीटर अंतर जाते आणि त्याच वेगाला ५५ फेरे होतात. आकडा लहान दिसतो, पण गोळेवाडीपासून गडावरच्या वाहनतळापर्यंतचे सुमारे ९ किलोमीटर न उतरता पूर्ण होणे आणि तीनदा उतरून सायकल ढकलणे, एवढा तो फरक होता.

मात्र ३४ दातांची चकती नुसती आणून बसत नाही. आमच्या सायकलवर आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाचा) डिरेलर होता आणि तो ३० दातांपर्यंतच काम करतो. म्हणून लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागला आणि चेनही जास्त कड्यांची लागली. शिवाय शिमानोची ही ११-३४ कॅसेट रोड बाइकच्या ११ गिअरच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसवताना आत १.८५ मिलिमीटर जाडीची एक गोल कडी (स्पेसर) घालावी लागते. दुकानाने ती घातली नाही. पहिल्याच दिवशी चढावर मागून खडखड ऐकू येऊ लागली आणि गिअर आपोआप सरकू लागले. पत्नी धायरीच्या पुढून परत फिरली. घरी चाक काढून कॅसेट हातात धरली तर ती हबवर चक्क डुलत होती. खोक्याच्या तळाशी ती पातळ कडी कागदात गुंडाळलेली तशीच पडलेली होती. ती घालून नट आवळला आणि त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. अशा कामासाठी सायकल देताना समोर उभे राहावे आणि खोक्यातला प्रत्येक भाग वापरला गेला की नाही, हे नम्रपणे विचारावे.

क्रँक सर्वांत शेवटी, जानेवारीत बदलला. १७० च्या जागी १६५ मिलिमीटर. क्रँक ५ मिलिमीटरने आखूड झाल्यावर सीट तेवढीच वर घ्यावी लागते, त्यामुळे पॅडल माथ्यावर येते तेव्हा गुडघा कमरेच्या मानाने एकूण १० मिलिमीटर खाली राहतो. खाली वाकून चालवताना मांडी पोटाला भिडण्याचे थांबले. लहान फ्रेमच्या सायकलींमध्ये हळू वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासण्याचा दोष असतो, तोही कमी झाला, पूर्ण गेला नाही. सुमारे अकरा हजार रुपये यात गेले. पुन्हा सायकल घ्यायची झाली तर खरेदीच्या वेळीच क्रँक बदलून मागेन, म्हणजे दोनदा पैसे मोजावे लागणार नाहीत.

टायर २५ चे काढून २८ मिलिमीटरचे घातले. दुकानाने १०० पीएसआय हवा भरून दिली होती, तिच्या वजनाला ती फारच जास्त होती. आता पुढे ६० आणि मागे ६५ ठेवतो. पौड रस्त्यावरचे गतिरोधक आणि खडबडीत पट्टे आता मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, असे ती सांगते. आठ महिन्यांत तीन पंक्चर झाले, त्यांतले दोन महामार्गावर पडलेल्या ट्रकच्या टायरांच्या बारीक तारांनी. ती तार टायरमध्येच राहिली तर नवी ट्यूबही लगेच जाते, म्हणून ट्यूब बदलताना आतून बोट फिरवून तपासणे आवश्यक आहे.

पॅडलच्या बाबतीत मी शर्यतीच्या तीन स्क्रूच्या क्लीटचा (बूट पॅडलला अडकवणाऱ्या तुकड्याचा) आग्रह धरला होता. तिने ठामपणे दोन स्क्रूचे, बुटाच्या तळव्यात दबलेले क्लीट निवडले, कारण सायकलवरून उतरून तिला नीट चालता यायला हवे होते. टपरीवर चहाला थांबताना आणि ओल्या फरशीवर पाय ठेवताना तिचा निर्णय योग्य होता, हे दर वेळी दिसते. लहान फ्रेममध्ये मोठी बाटली वर ओढून काढता येत नाही, त्यासाठी बाटली बाजूने काढता येईल असे स्टँड घ्यावेत.

एक खर्च वाया गेला. मी हौसेने कार्बनचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, आणला. ८० ग्रॅम वजन वाचले, पण तो घसरू आणि करकरू लागला. कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावून टॉर्कच्या पान्ह्याने ५ न्यूटन मीटरला आवळल्यावर त्रास थांबला, तरी त्या पैशांचे तिला काय मिळाले, याचे उत्तर माझ्याकडे नाही. जागतिक शर्यतींच्या नियमांत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. आमची साडेनऊ किलोची आहे, आणि ती आणखी हलकी असावी असे पत्नीने एकदाही म्हटलेले नाही. जिथे शरीर सायकलला टेकते त्या तीन जागा, म्हणजे बैठक, हात आणि पाय, यांवरच पैसा लावायला हवा होता.

सगळे बदल मिळून सुमारे ४६ हजार रुपये लागले, जुने भाग विकून त्यांतले अकरा हजार परत आले. फेब्रुवारीत तिने पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, पूर्ण केली. या फेरीला साडेतेरा तासांची मर्यादा असते, पत्नीने १२ तास १० मिनिटे घेतली. शेवटच्या ३० किलोमीटरमध्ये मान दुखली, बाकी कुठे काही नाही. हँडलवरची मोरपंखी टेप पहिल्यांदा मी गुंडाळली होती. ती लिव्हरपाशी सुटल्यावर दुसरी तिने स्वतः गुंडाळली आणि ती अजून घट्ट आहे.

सध्या पावसाची सुरुवात आहे. रस्त्यावरच्या चिखलाने ब्रेकचे पॅड लवकर झिजतात, म्हणून नवा जोड आणून ठेवला आहे आणि प्रत्येक ओल्या फेरीनंतर चेन पुसून तेल घालतो. गेल्या रविवारी मी हे करत असताना पत्नीने अ‍ॅलन की मागून घेतली, स्टेम सैल केला आणि खालची ५ मिलिमीटरची एक कडी काढून वरच्या बाजूला ठेवली. "आता एवढं खाली जमतंय मला," ती म्हणाली आणि चाक सरळ आहे का, हे बघायला तिने मला सायकलसमोर उभे केले.