पाइप गॅस की हरित वीज : पुण्याच्या ओट्यावर दोन्हींचा हिशेब

अरबी समुद्रातून तेल-गॅस उपसत राहायचं की तिथे पवनचक्क्या उभ्या करायच्या, हा वाद घाटावर बसून घालायला सोपा आहे. पण तेलाची आणि वाऱ्याची थेट टक्कर फारशी होतच नाही. तेल गाड्यांत जातं, वारा वीज देतो. दोघं समोरासमोर येतात ते स्वयंपाकघरात : एकीकडे एमएनजीएल या पुण्याच्या गॅस कंपनीचा पाइप गॅस, दुसरीकडे महावितरणची हरित वीज आणि इंडक्शन शेगडी. म्हणून परीक्षण या दोन सेवांचं.

आधी गॅस. ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजाने १९७४ मध्ये अरबी समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला बराचसा गॅस तेलाबरोबरच वर येतो. किनाऱ्यावर आणला नाही तर जागेवर जाळून टाकायची वेळ येते. समुद्रातल्याच वसई क्षेत्रातला गॅस स्वतंत्र, पण त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असल्याने तो आधी गुजरातेत हजिऱ्याला जाऊन शुद्ध होतो. घरगुती पाइप गॅसला, म्हणजे पीएनजीला, या देशी गॅसच्या वाटपात पहिला मान आहे. या देशी गॅसचा दर भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के असा बांधलेला आहे आणि एप्रिल २०२३ पासून त्यावर कमाल मर्यादाही आहे. त्यामुळे परदेशात एलएनजी (जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू) भडकला तरी घरच्या बिलाला एकदम चटका बसत नाही. (नळीत मात्र सगळं मिसळूनच येतं, गुजरातच्या दहेज बंदरात उतरलेला आयात एलएनजीही त्याच जाळ्यात असतो. कोणाचा गॅस कोणाला, हे कागदावर ठरतं. विजेतही हाच प्रकार आहे.)

ओट्यापर्यंतची सेवा चांगली, पण शेगडीकडे दुर्लक्ष होतं. पीएनजीचा दाब सुमारे २१ मिलिबार, सिलिंडरच्या गॅसचा ३०च्या आसपास. शिवाय तेवढ्याच घनफळात मिथेनची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून बर्नरला मोठं जेट (गॅस सोडणारी भोकाची तोटी) लागतं. जुन्याच शेगडीच्या जेटला ड्रिल मारून काम भागवलं जातं, आणि भोक जरा जास्त किंवा वाकडं झालं की ज्योतीची टोकं पिवळी पडतात, पातेल्यांची बुडं काळी होतात, चहाला वेळ लागतो आणि बिल मात्र वाढतं. ज्योत निळी आणि बर्नरला धरून असायला हवी. जेट नवंच बसवून घ्या. शेगडी बदलायचीच असेल तर पीएनजीसाठी बनवलेलीच घ्या. दुसरी गोष्ट हवेची. एलपीजी जड, खाली साचतो; मिथेन हलका, छताकडे जातो. हवा खेळवणारी जाळी वरच्या अंगाला उघडी हवी. मॉड्युलर किचनच्या हौसेपायी व्हॉल्व्ह आणि मीटर बंद कपाटात कोंडणं हा शुद्ध वेडेपणा.

आता वीज. राज्य वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये मान्यता दिलेल्या योजनेत नेहमीच्या दरावर युनिटमागे जादा रक्कम भरून १०० टक्के हरित वीज मागता येते (तेव्हा ती ६६ पैसे होती, चालू आकडा दरपत्रकात बघून घ्या). तार तीच, मीटर तोच. तुमच्या वापराइतकी अपारंपरिक वीज तुमच्या नावावर दाखवली जाते. आणि हा वारा समुद्रातला नाही. राज्यातला वारा म्हणजे साताऱ्याचं चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार, सांगली, धुळे, जोडीला सौर.

समुद्रातल्या वाऱ्याची गाडी धोरणापुढे फारशी सरकलेली नाही. धोरण २०१५ चं. खंबातच्या आखातात पिपावावजवळ वारा मोजणारं लायडार २०१७ मध्ये बसलं. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली : गुजरात आणि तमिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॅट. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. एकूणच काम रखडण्याची कारणं तांत्रिक आहेत, नुसती सरकारी दिरंगाई नव्हे. खंबातचा वारा तमिळनाडूच्या टोकापेक्षा बराच मंद. तळाला मऊ चिकणमाती, भरती-ओहोटीचा ओढ जबर. म्हणजे पवनचक्क्यांचे पोलादी खांब खोल ठोकायचे आणि बुडाशी माती वाहून जाऊ नये म्हणून दगड टाकायचे. वारा भरघोस मिळतो जून ते सप्टेंबर, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लाटा तीन-चार मीटरच्या. दुरुस्तीची बोट दीड मीटरच्या लाटेपर्यंतच खांबाला लागू शकते. जुलैत गिअरबॉक्स किंवा केबल गेली, तर सर्वाधिक कमाईचे दिवस यंत्र उभं. गॅसचे प्लॅटफॉर्म हेलिकॉप्टरने चालतात, म्हणून पावसाळा निभतो. पण धोका त्यांनाही चुकलेला नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थवर जहाज राइझरला (समुद्रतळातून तेल-गॅस वर आणणाऱ्या पाइपला) धडकलं आणि आगीत २२ माणसं गेली. ही किंमत आपल्या बिलात छापलेली नसते.

पैशांचं गणित घरीच करता येतं. एक घनमीटर पीएनजीत सुमारे १० युनिट उष्णता. शेगडीची कार्यक्षमता ५० टक्के धरा, इंडक्शनची ८५. म्हणजे एक घनमीटर गॅसचं काम इंडक्शनवर साधारण ६ युनिटांत होतं. गॅसच्या दराला ६ ने भागा. आलेल्या आकड्यापेक्षा तुमचं युनिट स्वस्त पडत असेल तरच विजेकडे वळा. युनिटचा दर काढताना सरासरी घेऊ नका. इंडक्शनची युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात; वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क सगळं धरून. महिन्याला १०० युनिटांच्या वर वापर असलेल्या बहुतेक घरांत इथे गॅस जिंकतो.

धुराचा हिशेब नेहमीच्या समजुतीच्या उलटा, आणि तो फार कमी लोक मांडतात. एक घनमीटर गॅस जाळल्यावर जवळपास २ किलो कार्बन डायऑक्साइड. वाटेत ३ टक्के गॅस गळाला असं धरलं, तरी त्यात अर्ध्या-पाऊण किलोचीच भर. तेच काम साध्या विजेवर केलं तर ६ युनिट, आणि आपल्या कोळसाप्रधान ग्रिडला युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास. म्हणजे ४ किलोच्या वर. हरित दर न घेता नुसतं इंडक्शन आणून पर्यावरण वाचवल्याचं समाधान घेण्यात अर्थ नाही. आणि हरित दर घेतला, तरी संध्याकाळी कुकर लावताना ग्रिडमध्ये चालू असतो तो बहुतांशी कोळसाच.

म्हणून आमचं मत : पाइप गॅस ठेवा, आणि जोडीला एकाच बर्नरचं इंडक्शन. दूध, चहा, कुकर त्यावर चांगले होतात. भाकरी नाही. इंडक्शनची कॉइल साधारण १८-२० सेंटिमीटरची, त्यामुळे तवा मधोमध तापतो, भाकरीचे काठ कच्चे राहतात आणि शेवटी फुगवायला जाळ लागतोच. सोसायटीच्या छतावर सौर पॅनेल असतील आणि त्याचा लाभ तुमच्या मीटरला मिळत असेल, तर मात्र जास्तीत जास्त स्वयंपाक विजेवर न्या. तिथे वरचं सगळं गणित बदलतं.

२००० वॉटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि अर्थिंग लागतं. जुन्या वाड्यांत आणि ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत ओट्यावर बहुधा ६ अँपिअरचाच सॉकेट असतो. त्यात मल्टिप्लग खुपसला की आधी प्लगची पिन तपकिरी होते, मग जळका वास येतो. शेगडीआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.