वेटेड वेस्ट घालून पळायचं, घालून चालायचं की वेस्टशिवायच पळायचं?

रनिंग अंगवळणी पडलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात येतंच की आता जरा वजन बांधून पळावं, वेळ तेवढाच जाईल आणि फायदा जास्त होईल. ऐकायला एकदम पटतं, पण वेटेड वेस्ट, म्हणजे वजनं भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट, विकत घ्यायच्या आधी हे गणित एकदा बघाच.

सपाटीवर पळताना शरीराच्या दर किलोमागे दर किलोमीटरला ढोबळमानाने १ कॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोचा माणूस ५ किमी पळाला की ३५० गेल्या. आता त्याने ५ किलोचं वेस्ट चढवलं तर जातील ३७५. जास्तीच्या किती, तर २५! तेवढ्या तर वेस्ट घरी ठेवून साडेतीनशे-चारशे मीटर जास्त पळालं तरी जातात. त्यामुळे वजन कमी करणं एवढाच हेतू असेल तर वेस्ट घालून पळण्यात खरंच फार काही हाती लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्या २५ कॅलरींची किंमत पाय मोजतात. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो, म्हणजे अंगावरचे ५ किलो पायाला १०-१५ किलोसारखे लागू शकतात, आणि ५ किमीत पावलं पडतात पाच हजारांच्या आसपास. वर अडचण अशी की दम लवकर सुधारतो, काही आठवड्यांतच फरक कळतो, पण हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर) यांना तयार व्हायला महिने लागतात, म्हणून वाटत असतं मस्त जमतंय आणि आतल्या आत नडगीवर ताण साठत असतो. लष्करात पाठीवर ओझं घेऊन मैलोनमैल चालणाऱ्या नव्या जवानांच्या पायाच्या हाडांना बारीक चिरा जातात, त्याला मार्च फ्रॅक्चर असं नावच पडलंय.

चालण्याचं मात्र वेगळं आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, जोर वजनाच्या साधारण सव्वापटच येतो, त्यामुळे तेच ५ किलो पाय निमूट सहन करतात आणि भरभर चालताना हार्ट रेट चांगला वर जातो, चढ असेल तर विचारूच नका. ज्यांना पळताना गुडघे त्रास देतात किंवा वजन जास्त असल्यामुळे पळणं झेपत नाही त्यांनी आधी नुसतं भरभर चालून बघावं आणि ते सहज जमायला लागलं की हलकं वेस्ट चढवावं. फक्त उतरताना सावकाश, तिथे गुडघ्यावर सगळ्यात जास्त भार येतो.

पळतानाच पाय दमदार करायचे असतील तर मी चढावर वेस्टशिवाय पळायला सांगेन. चढताना आपटणं कमी होतं आणि पोटऱ्या, मांड्या, नितंब भरपूर काम करतात, नंतर चालत खाली यायचं. खर्च शून्य.

मग वेस्ट घालून पळावं कोणी? ज्यांना खरोखर वजन घेऊन धावायचंच आहे त्यांनी, म्हणजे फायर ब्रिगेड किंवा लष्करी कामाची तयारी करणारे, नाहीतर मर्फ वर्कआउट करणारे (१ मैल रन, १०० पुल-अप, २०० पुश-अप, ३०० स्क्वॉट, परत १ मैल, पुरुषांसाठी सगळं २० पौंडांच्या म्हणजे ९ किलोच्या वेस्टसह). शिवाय कसलेल्या रनर्सना वॉर्म-अपमध्ये दहा-दहा सेकंदांचे छोटे स्प्रिंट वेस्टसह मारता येतात, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

घ्यायचंच ठरलं तर दुकानात उभ्याउभ्या घालून बघू नका, जागच्या जागी उड्या मारा. वेस्ट खांद्यावर आपटलं की सैल आहे, मग कॉलरबोनपाशी पट्टा घासून कातडी सोलली जाणारच. पट्टे आवळल्यावर छाती भरून श्वास घ्या, तो मध्येच अडला तर साइझ चुकलाय. वजन पुढे-मागे सारखं आणि काढता-घालता येणारं हवं. बॅगेत वजन भरलं तर चालायला चालेल, पळताना ती मागे ओढते आणि आपण कमरेतून पुढे वाकतो. घोट्याला बांधायची वजनं तर पळायला नकोतच, पायात १०० ग्रॅम वाढले तरी सुमारे १ टक्का जास्त ताकद लागते आणि पाऊल टाकायची पद्धतच बिघडते.

सुरुवात शरीराच्या ५ टक्क्यांपासून, ७० किलोला साडेतीन किलो, तेही आधी चालताना. १० टक्क्यांच्या वर घाईने जाऊ नका, आणि वजन वाढवलं त्या आठवड्यात अंतर वाढवायचं नाही. पाठदुखी, बीपी, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. नडगीवरून बोट फिरवत जा, एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ आली तर वेस्टही बंद आणि पळणंही बंद, आधी डॉक्टरांना दाखवा.